ब्लो-ड्राय दादरपर्यंत तरी टिकू दे! : तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

गणपती तोंडावर आलेत, मंगळागौरी चालू आहेत, हवा अशी की दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, आणि नेमकं याच दिवसांत सगळ्यांना केस सेट करून हवे असतात. म्हणून यावेळी फक्त ब्लो-ड्रायचेच प्रश्न घेतलेत, कोंडा आणि केसगळतीवाल्यांनी जरा थांबा, पुढच्या अंकात नक्की. नाव छापू नका असं बऱ्याच जणींनी लिहिलंय म्हणून नुसती गावं देतेय.

डोंबिवली

प्रश्न : ताई, प्रेझेंटेशन असेल त्या दिवशी मी पहाटे उठून केस धुते, ड्रायर मारते, घरातून निघताना एकदम मस्त दिसतात पण ट्रेनमधून दादरला उतरेपर्यंत वरून चपटे आणि खालून फुगलेले. सिरम लावते, स्प्रे पण मारते. नवरा वाढदिवसाला महागातला ड्रायर देऊ का विचारतोय. घेऊ का?

उत्तर : घे गं, वाढदिवसाला कोणी देतंय तर नाही कशाला म्हणायचं, पण दादरचा प्रॉब्लेम त्याने सुटणार नाही.

बघ, केस म्हणजे केराटिन, आणि त्याच्या साखळ्या ज्या बंधांनी एकमेकींना धरून असतात त्यातले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात, मग केस सुकताना ज्या आकारात असेल त्याच आकारात ते परत जुळतात. ब्लो-ड्राय म्हणजे एवढंच, ओला केस ब्रशवर ताणून धरायचा आणि त्याच आकारात सुकवायचा. सुती साडीला पाणी शिंपडून इस्त्री करतो ना, तिथेही हेच बंध असतात. त्यामुळे परत पाणी लागलं की केस आपल्या मूळ वळणावर जाणार, ड्रायर दोन हजारांचा असो नाहीतर चाळीस हजारांचा.

आता तुझ्या केसांना पाणी लागतंय कुठून ते बघू. एक, हवेतून. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत आर्द्रता ८०-९० टक्के असते, त्यात लेडीज डब्यातली गर्दी, म्हणजे वाफेत उभं राहिल्यासारखंच. दोन, डोक्याच्या घामातून. आणि तीन, ज्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, ते म्हणजे केसात तूच ठेवलेलं पाणी. घाईत ड्रायर मारला की वरचे केस गरम होतात, हाताला कोरडे लागतात, आपण खूश होऊन स्विच बंद करतो. पण मानेवरचे आणि कानामागचे केस मुळाशी अजून दमट असतात. पुढच्या वेळी झालं असं वाटलं की पाच मिनिटं थांब, केस गार होऊ दे आणि मग चार बोटं मानेच्या मधोमध मुळाशी घाल. गार गार लागलं ना, तर ते पाणी आहे, आणि तेच पाणी पुढच्या तासाभरात वरच्या केसांत चढून सगळं बसवतं. माझ्याकडे नवीन आलेल्या मुलींना मी आधी ही बोटं घालायला शिकवते, ब्रश नंतर.

दुसरं म्हणजे पहाटेचं धुणं बंद कर. आदल्या रात्री धू, रात्रीच पूर्ण सुकव, सकाळी फक्त समोरच्या बटा आणि भांगाजवळचा भाग जरा सेट कर. पहाटे गीझरच्या पाण्याने अंघोळ झाल्यावर बाथरूमच्या आरशासमोर ड्रायर मारणाऱ्या बायका मी बघितल्यात, आरशावर वाफ आहे आणि ह्या केस सुकवतायत! खोलीत ये, पंखा लाव, एसी असेल तर अजूनच छान.

ट्रेनमध्ये केस मोकळे नको. डोक्यावर उंच घेऊन सैल पीळ दे आणि मोठ्या क्लचरने अडकव, रबरबँड नको, त्याची खूण पडते. ऑफिसच्या लिफ्टमध्ये सोड. दारातला वारा टाळ, विंडो सीट सोड असं मात्र मी सांगणार नाही, विंडो सीट ती विंडो सीट. आणि सिरमच्या बाटलीमागचं बारीक अक्षर वाच, ग्लिसरीन पहिल्या तीन-चार नावांत असेल तर ते सिरम पावसाळ्यात कपाटात ठेव, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. सिलिकॉनवालं घे, म्हणजे ज्या नावांच्या शेवटी ‘कोन’ येतं ते, डायमेथिकोन वगैरे. दोन थेंब, दमट केसांना, कानाच्या खालीच.

कोथरूड, पुणे

प्रश्न : पार्लरमधली मुलगी पाऊण तासात करते तेच घरी करायला मला दीड तास लागतो, दंड भरून येतात आणि शेवटी एक बाजू आत वळलेली, दुसरी बाहेर. माझं काय चुकतंय? केस खांद्याखाली, दाट आहेत.

उत्तर : ९० टक्के बायकांसारखंच तुझंही होत असणार, म्हणजे केसातून पाणी गळत असतानाच तू गोल ब्रश हातात घेत असणार. पार्लरमधली मुलगी असं कधीच करत नाही, नीट बघ पुढच्या वेळी. ती आधी नुसती बोटं घालून केस झाडत झाडत ड्रायर मारते, आम्ही त्याला ब्लास्ट ड्राय म्हणतो, नोझल काढून, जमलं तर डोकं खाली घालून, आणि केस साधारण पाऊण सुकेपर्यंत ब्रशला हातच लावत नाही. आकार देण्याचं काम शेवटच्या पाव भागातच होतं. वेळ वाचतो, दंड वाचतात आणि केसही वाचतो, कारण ओला केस रबरासारखा ताणला जातो, मूळ लांबीच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत, आणि त्याच्या पलीकडे ताणला की परत जागेवर येत नाही, तुटतो.

त्याच्याही आधी, टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. जुना सुती टीशर्ट घे, केस मुठीत धरून दाबायचे. मग हीट प्रोटेक्टंट, म्हणजे गरमीपासून केस वाचवणारा स्प्रे, मधल्या भागापासून टोकापर्यंत, आणि कंगव्याने पसरवायचं. नुसतं वरून फुसफुस केलं की ते वरच्याच थरावर बसतं.

आता नोझल. ड्रायरबरोबर आलेला तो चपट्या तोंडाचा तुकडा, जो तू ड्रॉवरमध्ये टाकलायस, तो शोधून काढ. ब्रशची वेळ आली की तो लावल्याशिवाय काम होणारच नाही. केसाच्या वर खवले असतात, कौलांसारखे टोकाच्या दिशेने एकावर एक बसलेले, त्यामुळे वारा नेहमी मुळाकडून टोकाकडे, वरून खाली जायला हवा. नोझल नसलं की वारा चहूकडे जातो, खवले उघडे राहतात आणि मग चमक येत नाही, नुसता फुगा येतो.

चार भाग कर, कानापासून कानापर्यंत आणि मधून, क्लिपा लाव, मानेपासून सुरुवात. एका वेळी ब्रशच्या रुंदीपेक्षा जास्त केस घ्यायचे नाहीत, इथेच सगळ्यांना घाई होते आणि इथेच एक बाजू बिघडते. मुळाशी ब्रश केसांच्या खालून लाव, वर उचल, ताण दे, ड्रायर ब्रशच्या मागोमाग सरकू दे. टोकाशी आलं की ब्रश आत फिरवायचा की बाहेर हे आधी ठरव, इन-कर्ल की आउट-कर्ल, आणि दोन्ही बाजूंना तेच कर. उजव्या हाताने काम करणाऱ्यांची डावी बाजू आपोआप बाहेर वळते कारण मनगट तिकडे वळत नाही. ब्रश डाव्या हातात आणि ड्रायर उजव्या हातात घेऊन बघ, आठवडाभर वैताग येईल, मग जमेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, केस ब्रशवर असतानाच गार हवेचं बटण दाब, आठ-दहा सेकंद. गरम केस ब्रशवरून सोडला की खाली लोंबतो आणि लोंबलेल्या आकारातच गार होतो. वेल्क्रो रोलर असतील तर समोरच्या दोन-तीन बटा गरम असतानाच गुंडाळून ठेव, साडी नेसून होईपर्यंत राहू देत.

ड्रायर किती लांब धरायचा हेही विचारतात. २०११ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता, त्यात १५ सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभर अंतराच्या जरा कमी, ड्रायर सतत हलता ठेवला तर तापमान ४७ अंशांच्या आसपास राहिलं, आणि ५ सेंटिमीटरवर आणला तर ९५. जवळ आणलं की केसाचा वरचा थर जास्त खराब झाला हे ओघानेच आलं, पण गंमत म्हणजे जे केस दोन तासांच्या वर ओलेच ठेवून आपोआप वाळवले त्यांच्या आतल्या थराला इजा झालेली दिसली, १५ सेंटिमीटरवाल्यांत ती नव्हती. तेव्हा ड्रायर म्हणजे पाप आणि नैसर्गिक वाळवणं म्हणजे पुण्य असं काही नाही.

जाता जाता, कपाळावर भोवरा असेल (दोन असले की दोन लग्नं म्हणतात, ते राहू दे) तर तेवढा भाग सगळ्यात आधी सुकव, चिंब ओला असतानाच. सपाट ब्रशने तेवढीच बट एकदा डावीकडे एकदा उजवीकडे घासत मुळाशी ड्रायर मार. भोवरा एकदा आपल्या मनाने वाळला की मग कितीही ओढा, ऐकत नाही.

मडगाव

प्रश्न : महिन्यातून एकदाच पार्लरमध्ये जाऊन ब्लो-ड्राय करते, पैसे बरेच जातात. किमान चार दिवस टिकावा यासाठी काय करू? स्कूटर चालवते आणि स्वयंपाकही मीच करते.

उत्तर : चार दिवस होतील, पण पहिल्याच दिवशी घात होतो. पार्लरमधून बाहेर पडून लगेच हेल्मेट घालू नका. केस गरम असताना हेल्मेट घातलं की हेल्मेटचाच आकार सेट होतो! पंधरा मिनिटं तिथेच बसा, मासिक वाचा, केस पूर्ण गार होऊ देत, मग डोक्याला सॅटिनचा स्कार्फ आणि वर हेल्मेट. हेल्मेट टाळायचं नाही, केस परत सेट करता येतात.

स्वयंपाकघरात खरा शत्रू म्हणजे कुकर. शिट्टी झाली की ती वाफ सरळ कपाळावरच्या केसांवर येते, आणि बांगडे तळले तर वास चार दिवस तुमच्याबरोबर हिंडणार. मी तर शॉवर कॅप घालूनच फोडणी देते, घरातले हसतात, हसू देत. अंघोळीला पण शॉवर कॅप, आणि आतून कपाळाच्या कडेने पातळ रुमाल बांधा म्हणजे कडेने पाणी शिरत नाही.

रात्री केस डोक्याच्या टाळूवर घेऊन सैल गुंडाळा, मऊ कापडी स्क्रंची लावा आणि सॅटिनच्या अभ्र्यावर झोपा, सुती अभ्रा केस घासतो आणि विस्कटतो. ड्राय शॅम्पू केस तेलकट दिसल्यावर नाही, पहिल्या रात्रीच झोपण्यापूर्वी मुळांवर मारायचा, सकाळपर्यंत तो तेल शोषत राहतो. त्यात मुख्यतः स्टार्चच असतो. एक वीत लांबून मारा, दोन मिनिटांनी बोटांनी चोळा, नाहीतर काळ्या केसांवर राख पडल्यासारखं दिसतं. घाम आला तर केस लगेच बांधू नका, आधी गार हवेवर ड्रायर कडेने फिरवा. तिसऱ्या दिवशी वरचा थर विस्कटलाच तर फक्त तेवढ्याच बटा जराशा दमट करून परत ब्रशवर घ्या, पूर्ण डोकं भिजवायची गरज नाही. चौथ्या दिवशी पोनीटेल बांधा, ब्लो-ड्राय केलेल्या केसांचा पोनीटेल फार सुंदर दिसतो, लोक तो विसरूनच जातात.

कोल्हापूर

प्रश्न : सासूबाई म्हणतात ड्रायरने केस पांढरे होतात आणि गळतात. रोज तेल लावून वेणी घाल म्हणतात. त्यांना काय सांगू?

उत्तर : पांढरे होत नाहीत. केसाचा रंग मुळाच्या आत, त्वचेखाली तयार होतो, ड्रायरचा वारा तिथपर्यंत पोचत नाही. गळणं आणि तुटणं यातला फरक मात्र त्यांना दाखव, कंगव्यातल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून गळलाय, नसेल तर मध्येच तुटलाय. ड्रायर नीट वापरला नाही तर तुटतात, हे खरं.

आणि तेलाच्या बाबतीत सासूबाई बरोबर आहेत! २००३ मध्ये मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती, त्यात धुताना केसातलं प्रोटीन निघून जाणं फक्त खोबरेलानेच कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. आता खोबरेल विकणाऱ्यांनीच केलेला अभ्यास, हेही सांगायला हवं, पण मला तरी ते रोज दिसतं. तेव्हा धुण्याच्या आदल्या रात्री तेल लाव, सकाळी धू. फक्त धुतल्यानंतर तेलाचा हात फिरवून त्यावर ड्रायर मारू नकोस, केस चिकट होतात आणि आकार धरत नाहीत. सासूबाईंनाही खूश कर, स्वतःलाही.

एडिसन, न्यू जर्सी

प्रश्न : दिवाळीला पुण्यात येतेय, तिकडे घरी ड्रायर नाही. माझा इथला चांगला आहे, अडॅप्टर लावून चालेल ना?

उत्तर : नाही चालणार गं, जळेल. अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. तुझ्या ड्रायरवर १२५ व्होल्ट, १८७५ वॅट लिहिलेलं असेल, तिकडच्या १५ अँपिअरच्या सर्किटवर जास्तीत जास्त तेवढंच बसतं म्हणून तो आकडा. आपल्याकडे २३० व्होल्ट. जवळजवळ दुप्पट व्होल्टेज म्हणजे कॉइलवर जवळजवळ चौपट भार, एक ठिणगी आणि जळका वास, खेळ खलास. येताना ‘ड्युअल व्होल्टेज’वाला छोटा ट्रॅव्हल ड्रायर आण, आणि त्यावरची पट्टी नाण्याने २३० कडे फिरवायला विसरू नकोस, किंवा सरळ लक्ष्मी रोडवर एक घे, आईकडेच ठेवून जा. इकडचा ड्रायर तिकडे नेलास तर उलटं होईल, पाव ताकदीने कोमट फुंकर मारत बसेल.

हे निघालंच आहे तर इथल्या सगळ्यांनाच सांगते, ड्रायर १४०० वॅटचा किंवा त्याच्या वरचा असेल तर लहान सॉकेटवर लावू नका. लहान सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे फार तर १३८० वॅट. प्लग काढताना हाताला गरम लागतोय किंवा भोकांभोवती तपकिरी झालंय, तर आजच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून मोठा पॉइंट काढून घ्या.

वाघोली, पुणे

प्रश्न : माहेरी ब्लो-ड्राय छान होतो, इथे सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी आहे, केस राठ होतात, जड वाटतात.

उत्तर : पाणीच कारण. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसांवर बसतं, शॅम्पूला फेस येत नाही म्हणून आपण अजून शॅम्पू ओततो, तोही नीट निघत नाही. दोन आठवड्यांतून एकदा चिलेटिंग किंवा क्लॅरिफाइंग शॅम्पू, म्हणजे हे साचलेलं काढणारा, वापर, घटकांत ईडीटीए असलेला, आणि नंतर भरपूर कंडिशनर. शेवटचा मगभर हात पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याने दे, एक लिटर पुरतं. नळाला लावायच्या छोट्या फिल्टरवर फार पैसे घालू नकोस, गाळ आणि क्लोरिन अडतं पण जडपणा जात नाही.

सातारा

प्रश्न : लेकीचं लग्न डिसेंबरात आहे. सकाळी नऊवारी आणि खोपा, संध्याकाळी रिसेप्शनला मोकळे केस हवेत म्हणते. पार्लरवाली म्हणते लग्नाच्या सकाळी धुऊन ब्लो-ड्राय करू. वेळ पुरेल का?

उत्तर : अहो वेळेचं सोडा, त्या सकाळी धुऊच नका. ताजे धुतलेले केस इतके गुळगुळीत असतात की आकडे धरतच नाहीत, मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत खोपा मानेवर. आदल्या दिवशी हळद लागेल ना, ती झाली की संध्याकाळी धुवा (केस कलर केलेले असतील तर हळदीच्या वेळी डोक्याला फडकं घट्ट बांधा, पिवळी छटा बसते), रात्री मुळापासून पूर्ण सुकवून ब्लो-ड्राय करा, सैल गुंडाळून झोपवा. सकाळी त्या केसांना पकड आलेली असते आणि खोपा दिवसभर हलत नाही.

मुंडावळ्यांचा विचार कोणीच करत नाही. त्या बांधल्या की कपाळावरचा पफ बसतो आणि मागे दोरीची घडी पडते, मग संध्याकाळी मोकळे सोडले की तिथे खाच दिसते. म्हणून समोर फुगा नकोच, साधा भांग ठेवा, दोरी खोप्याच्या खालून घ्यायला सांगा. आणि हेअरस्प्रे मुहूर्ताच्या अगदी तोंडावर मारू नका, ओला असताना अक्षता पडल्या की चिकटतात, जेवायला बसल्यावरही करवल्या तांदूळ वेचत असतात.

रिसेप्शनच्या आधी परत धुणं नाही. आकडे काढा, खालून वर कंगवा, बॅककोंबिंग केलं असेल तर घाई करू नका, मग मुळांवर ड्राय शॅम्पू, पाण्याचा नुसता फवारा, आणि मोठ्या गोल ब्रशने समोरचा भाग, वर रोलर. पाऊण तासात होतं. पार्लरवालीशी एकदा ट्रायल करून घ्या, पण ट्रायलसुद्धा आदल्या दिवशी धुतलेल्या केसांवरच.

सांगली

प्रश्न : माझं वय ६३. आमच्या तरुणपणी रोलर लावून डोक्यावर टोपीसारख्या मोठ्या मशीनखाली बसवत, आता मुली हातातल्या ड्रायरने करतात, ते कधीपासून आलं? आणि पार्लरच्या बेसिनवर मान मागे टाकली की मला गरगरतं, हे वयामुळे का?

उत्तर : काकू, प्रश्न फार आवडला. हातातला ड्रायर तसा जुना, पण पार्लरमध्ये बायकांचे केस ब्रश आणि हातातल्या ड्रायरने सेट करणं सुरू केलं ते लंडनच्या मेफेअर भागातल्या रोझ इव्हान्स्की या बाईंनी, १९६२ मध्ये. नाझी जर्मनीतून किशोरवयात सुटून इंग्लंडला आलेल्या या बाई. एका न्हाव्याला गिऱ्हाइकाचे समोरचे केस ब्रश आणि ड्रायरने सुकवताना त्यांनी बघितलं आणि बायकांचेही असे का करू नयेत असं त्यांच्या डोक्यात आलं. त्याआधी सगळा कारभार तुम्ही म्हणता तसा, रोलर आणि हूड, तासभर कान भाजत बसायचं.

गरगरण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. मान खूप मागे वाकली की मणक्यातून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवर दाब येऊ शकतो. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यूरॉलॉजिस्टने पार्लरच्या बेसिनवर केस धुतल्यावर असा त्रास झालेल्या ५ बायकांची नोंद केली होती, काही जणींना स्ट्रोकपर्यंत गेलं. हे फार क्वचित होतं, घाबरू नका, पण डॉक्टरांना दाखवा आणि तोपर्यंत बेसिनवर झोपूच नका. घरून केस धुऊन ओले घेऊन जा, कोणतीही शहाणी पार्लरवाली नाही म्हणणार नाही. आणि तोल जाणं, बोलणं अडखळणं, अंधारी येणं असं काही झालं तर सरबत पिऊन वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल.

नागपूर

प्रश्न : पार्लरवाली म्हणते एकदा केराटिन करा, मग ब्लो-ड्रायची कटकटच नाही. करू का?

उत्तर : तीन-चार महिने फुगा कमी होतो हे खरं, पण मला विचारशील तर मी तुला करू नको म्हणेन. या ट्रीटमेंटच्या कित्येक बाटल्यांत फॉर्मल्डिहाइड असतं किंवा तापवल्यावर त्यातून सुटतं, डोळे झोंबतात ते त्यामुळेच. ते माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे, आणि सगळ्यात जास्त श्वासात जातं ते ती ट्रीटमेंट दिवसभर करणाऱ्या मुलीच्या. मग ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ म्हणून ग्लायॉक्सिलिक ॲसिडवाल्या आल्या. २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका तरुणीचं उदाहरण छापलं, या ॲसिडवालं स्ट्रेटनिंग केलं की दर वेळी किडनीला इजा, असं तीनदा झालेलं. तरीही करायचंच असेल तर बाटलीवरची घटकांची यादी स्वतः वाच, दाखवत नसतील तर उठून ये. दिवस गेलेले असताना नकोच नको. तुमच्याकडची हवा तर वर्षातले कितीतरी महिने कोरडी, साधा ब्लो-ड्रायसुद्धा मुंबईपेक्षा दुप्पट टिकतो, त्याचा फायदा घे की!

रत्नागिरी

प्रश्न : माझे केस कुरळे आहेत. एकदा ब्लो-ड्राय करून सरळ केले तर सगळे म्हणाले ‘आता कशी माणसात आलीस’. रोज करावेसे वाटतात. केले तर चालतील?

उत्तर : रोज नको. कुरळ्या केसाला सरळ करायला ताण आणि गरमी दोन्ही जास्त लागतात, रोज केलं तर काही महिन्यांत तुझी वळणं मधूनच सैल पडतील, धुतल्यावरही परत येणार नाहीत, मग ना धड सरळ ना धड कुरळे. आणि रत्नागिरीच्या पावसात एक संध्याकाळ टिकला तरी खूप. लग्नकार्याला, हौस म्हणून, महिन्यातून एकदा कर, मजा कर. एरवी ड्रायरला तो वाडग्यासारखा काटेरी डिफ्यूजर लाव, कमी वारा, मध्यम गरमी, केस खालून वाडग्यात गोळा करून मुळाशी नेऊन धर, हलवू नकोस, पूर्ण सुकेपर्यंत हातही लावू नकोस. आधी जेल लावलं असेल तर त्याने कडक झालेले केस शेवटी मुठीत चुरगळलेस की मऊ होतात. ‘माणसात आलीस’ म्हणणाऱ्यांना ते फोटो पाठव, उत्तर द्यायची गरज नाही.

छत्रपती संभाजीनगर

प्रश्न : मी पुरुष आहे, वय ३४, समोरचे केस विरळ होतायत. ड्रायर वापरला तर टक्कल लवकर पडेल का? बायको म्हणते विचार ताईंना.

उत्तर : नाही पडणार हो. तुमच्या वयात समोरून विरळ होणं बहुतेक वेळा आनुवंशिक असतं, हार्मोनचा भाग, त्वचेच्या डॉक्टरांना लवकर दाखवा कारण उपचार जितके लवकर तितके बरे. ड्रायर उलट तुमच्या कामाचा आहे. केस दमट असताना समोरचा भाग नेहमीच्या भांगाच्या उलट दिशेने बोटांनी ओढून मुळाशी मध्यम हवा मारा, सुकले की परत सरळ बाजूला आणा, मुळं उभी राहतात आणि दाट दिसतात. जेल लावू नका, जेलने केसांच्या जुड्या होतात आणि मधली टाळू दिसते. मॅट क्ले, म्हणजे केस बसवायची बिनचमकीची पेस्ट, घ्या, मटारच्या दाण्याएवढी, केस पूर्ण सुकल्यावर, आणि बायकोचा गोल ब्रश वापरलात तर त्यातले केस काढून ठेवा.